वहिनीच्या वीस गोळ्या

"ह्या कसल्या गं गोळ्या?"

आईच्या एका हातात हरभऱ्याच्या डाळीचा डबा होता आणि दुसऱ्या हातात गोळ्यांची दोन पाकिटं. दुसऱ्या दिवशी आमच्याकडे महालक्ष्म्या बसायच्या होत्या. बार्शीत गौरींना महालक्ष्म्या म्हणतात, आणि त्या घरात आल्या की तीन दिवस बाकी कुणाला किंमत नसते. पुरणाची डाळ आदल्या दिवशी निवडतात हे घरात सगळ्यांना माहीत होतं, फक्त त्या डब्यात गोळ्या लपवणाऱ्या माझ्या वहिनीला सोडून. घरात पन्नासेक डबे होते. त्यातला त्या दिवशी हमखास उघडणारा एकच डबा तिनं निवडला होता.

वहिनी ओट्यापाशी काकडी किसत होती. तिनं मान वर केली नाही. काकडी संपली तरी ती रिकामी किसणी हलवत राहिली.

"केतकी, तुला विचारतेय मी."

मी तेव्हा एकोणीस वर्षांची होते, फार्मसीच्या दुसऱ्या वर्षाला होते, आणि कुणी गप्प बसलं की आपण बोलायचं असतं अशी माझी प्रामाणिक समजूत होती.

"पाळी पुढं ढकलायच्या आहेत," मी म्हणाले. "महालक्ष्म्यांसाठी. तिची तारीख परवाचीच येते ना."

आईनं पाकिटांकडे पाहिलं, मग वहिनीकडे. मग तिच्या चेहऱ्यावर जे आलं ते मी त्या घरात फक्त गॅस सिलिंडर वेळेवर आल्यावर पाहिलं होतं.

"शहाणी गं बाई माझी," आई म्हणाली. "न सांगता केलंस."

वहिनीच्या लग्नाला चार वर्षं झाली होती. हे तिचं पहिलं कौतुक. ते पदरात पडलं आणि ती मोरीत जाऊन ओकली. आई म्हणाली, "गोळ्यांनी होतं मळमळायला."

खरं तर त्या गोळ्या अगदी उलट कामाच्या होत्या. म्हणजे जातकुळी तीच, पण काम मोठं. वहिनीला सातवा आठवडा चालू होता. दोन दिवसांपूर्वी तिला थोडा डाग दिसला, आणि ब्लाउजपीस बदलून आणायला जातो असं आईला सांगून मी तिला डॉक्टर मुळे मॅडमकडे घेऊन गेले होते. मॅडमनी मशीनवर बघितलं. ठोका होता. "या सांभाळायच्या गोळ्या. सकाळी एक, रात्री एक. दहा दिवसांच्या वीस देतेय. मध्ये खाडा करायचा नाही आणि जमेल तेवढी विश्रांती," असं म्हणाल्या. विश्रांती, महालक्ष्म्यांच्या आठवड्यात. मॅडमचं माहेर बहुतेक परराज्यातलं असावं.

घरी का सांगायचं नाही, तर याआधी दोनदा सांगून झालं होतं. पहिल्या वेळी पाचव्या आठवड्यात आईनं बेचाळीस घरी पेढे वाटले. आठव्या आठवड्यात सगळं संपलं आणि बेचाळीस घरं समाचाराला आली. वहिनी आतल्या खोलीत पडलेली आणि बाहेर बायका चहा पीत 'होईल गं, वय आहे अजून' म्हणतायत. दुसऱ्या वेळी फक्त आईला सांगितलं. त्या वेळी समाचाराला एकोणचाळीस घरं आली, तीन गावाला गेली होती. त्यामुळे या खेपेला वहिनीनं दादाला फोनवर सांगितलं, मला सांगितलं आणि म्हणाली, "बारा आठवडे होईपर्यंत चौथ्या माणसाला कळलं, तर वन्सं, मी तुझ्याशी जन्मात बोलणार नाही." दादा रायपूरला पुलाच्या साइटवर होता. तो तसाही कुणाशी फारसं बोलत नसे.

त्या दुपारी गच्चीवर सांडगे वाळत होते तिथं वहिनीनं मला गाठलं.

"काय हे बोललीस?"

"दुसरं काय सुचणार? आणि अर्धं खरंच आहे. प्रोजेस्टेरॉनच्याच घराण्यातल्या आहेत त्या."

"नीट सांग. नेमकं करतात काय त्या?"

मी शेजारच्या विटेवर बसले. हा विषय मला नुकताच झाला होता आणि त्यात मला बावन्न मार्क होते.

"गर्भाशयाचं अस्तर असतं ना, त्याच्या पेशींत एकेक कान असतो. त्याला रिसेप्टर म्हणायचं. प्रोजेस्टेरॉन येतं आणि त्या कानात सांगतं, पाहुणे आलेत, गादी घाल, भिंती पाडू नको, आणि स्नायूंना म्हणावं हलू नका. जोवर ते सांगत राहतं तोवर सगळं गप असतं. ते सांगायचं थांबलं की अस्तर म्हणतं, चला, कुणी येत नाही, आवरा. तीच पाळी."

"म्हणजे या गोळ्या सांगत राहतात."

"हां. आणि म्हणूनच पाळी ढकलायलाही असल्याच वापरतात. पूजा होईपर्यंत सांगत राहायचं, मग थांबायचं. दोन-चार दिवसांत येते."

वहिनीनं एक सांडगा उलटा केला. "आणि कानच नसला तर?"

"मग किती का बोंबला."

"तुझ्या दादासारखं."

आम्ही दोघी हसलो. तिनं हसताना पोटावर हात ठेवला होता, हसण्यानं काही हलेल म्हणून.

संध्याकाळी नलूमावशी आली. ही आईची धाकटी बहीण, दोन गल्ल्या सोडून राहते आणि दिवसातून दोनदा येते. तिच्या सुनेची, प्रणिताची तारीख नेमकी जेवणाच्या दिवशी होती. "काय करावं गं अक्का," एवढंच ती म्हणाली, आणि आईनं विजयी मुद्रेनं डाळीच्या डब्याशेजारून एक अख्खं पाकीट उचलून तिच्या हातावर ठेवलं. वाटीभर साखर उसनी द्यावी तसं.

"आमच्या केतकीनं आणून ठेवल्यात. घे. तिला एक पाकीट पुरे."

दहा गोळ्या गेल्या. वहिनी दारात उभी होती. तिनं माझ्याकडे पाहिलं. मी तिला डोळ्यांनीच सांगितलं, काळजी करू नको, मी आणते. उरलेल्या पाकिटातल्या चार आधीच घेऊन झाल्या होत्या, सहा उरल्या. महालक्ष्म्या उठायच्या दिवशी सकाळी शेवटची. माझ्या हातात तीन दिवस होते. भुतडांच्या मेडिकलमधून आणायची सोय नव्हती, भुतडांना गावातल्या सगळ्यांचे आजार पाठ होते आणि ते आपुलकीनं इतरांना सांगत. स्टँडजवळच्या मेडिकलमध्ये जायचं होतं. चालत वीस मिनिटं.

पहिल्या दिवशी महालक्ष्म्या आल्या. दुसऱ्या दिवशी सोळा भाज्या, पाच कोशिंबिरी, पुरणपोळ्या आणि साठ माणसं. वहिनी पहाटे चारपासून ओल्या साडीत उभी होती. मी दोनदा म्हणाले, "आई, तिला बसू दे की जरा," तर आई म्हणाली, "अगं, यंदा ती आहे म्हणून तर सगळं निभतंय." ते खरंच कौतुकानं म्हणाली. वहिनी दर थोड्या वेळानं मोरीत जाऊन यायची आणि येताना मला हळूच मान हलवून सांगायची, काही नाही. दिवसभर मी त्या मानेकडे बघत होते.

तिसऱ्या दिवशी दुपारी नलूमावशी तणतणत आली.

"अक्का, तुझ्या सुनेच्या गोळ्या फुसक्या निघाल्या! प्रणिताला ऐन पंगतीत आली. हातात कढीचं भांडं. माझ्या नणंदांसमोर शोभा!"

"अशा कशा फुसक्या?" आईचा आवाज चढला. "केतकीला बरी आली नाही?"

"मी विचारतेच जाऊन भुतडाला, कसल्या गोळ्या आहेत ते."

वहिनी पांढरी पडली. मी पुढं झाले.

"मावशी, भुतडांना काय कळतंय. गोळी चांगलीच आहे. पण ती अंगाला लागायला आत रिसेप्टर असावे लागतात. प्रणितावहिनीला कमी असतील."

मावशी थांबली. "ते कुठं मिळतात?"

"मिळत नाहीत. जन्मतःच असतात."

"वाटलंच मला," मावशी म्हणाली. "तिच्या माहेरी सगळं कमीच आहे." आणि समाधानानं परत गेली.

हा प्रसंग मला इतका आवडला की संध्याकाळी पैसे घेऊन गोळ्या आणायला निघाले, ती वाटेत आसावरीच्या घरी थांबले. तिथं आणखी दोघी मैत्रिणी होत्या. मी नावं न सांगता पण आवाज काढून सगळं सांगितलं. कढीचं भांडं, फुसक्या गोळ्या, ते कुठं मिळतात. आसावरी हसून हसून खाटेवरून पडली. मग त्यांनी पुन्हा सांग म्हणून आग्रह केला. मी पुन्हा सांगितलं, दुसऱ्या वेळी जास्त रंगलं. स्टँडजवळ पोचले तेव्हा मेडिकलवाला शटरला कुलूप लावत होता. मी म्हणाले, भाऊ, एकच गोळी. तो म्हणाला, विसर्जनाच्या मिरवणुकीला जायचंय, उद्या या.

घरी येऊन वहिनीला म्हणाले, "उद्या सकाळी नक्की."

ती फक्त म्हणाली, "खाडा करू नका म्हणाल्या होत्या."

सकाळी मी नऊला उठले. दहाला प्रॅक्टिकल होतं. संध्याकाळी मेडिकलमध्ये गेले तर ती गोळी संपलेली, सकाळी येईल म्हणाला. त्याच्या पुढच्या सकाळी मी सहा वाजता त्याच्या पायरीवर जाऊन बसले. तो साडेनऊला आला.

तीन गोळ्या चुकल्या.

इकडे आईनं दिवस मोजायला सुरुवात केली होती. "महालक्ष्म्या उठल्या, आता बंद कर गं त्या," असं तिनं वहिनीला बजावलं होतं, आणि वहिनी माझ्या पुस्तकाच्या कपाटामागे नव्या पाकिटातली गोळी चोरून घेत होती. पहिल्या दिवशी आईनं विचारलं, "आली का?" दुसऱ्या दिवशी विचारलं. तिसऱ्या दिवशी सकाळी ती मोरीच्या दाराबाहेरच उभी होती.

"शमे, काय गं हे?" आईनं मला विचारलं. "यायला नको होती का?"

"येईल की."

"काही बिघडवून तर नाही ना ठेवलं तिच्या पोटात? आधीच त्या पोरीचं नशीब असलं. भुतडाला विचारून येऊ का?"

तेव्हा वहिनीनंच मार्ग काढला. ती चहा न घेता मागच्या खोलीत गेली आणि आतून म्हणाली, "आई, मी बाजूला."

आमच्याकडे एरवी कुणी एवढं कडक पाळायचं नाही, पण महालक्ष्म्यांनंतरचे पंधरा दिवस आई पाळायची. मागच्या खोलीत चटई, वेगळं ताट, वेगळा तांब्या. चार दिवस कुणी शिवायचं नाही, काही काम सांगायचं नाही. आईनं देवापुढं साखर ठेवली. "आली बाई एकदाची. जीव भांड्यात पडला."

मी दारात उंबऱ्याबाहेर बसले. वहिनी चटईवर आडवी झाली होती.

"वन्सं," ती हळू आवाजात म्हणाली, "चार दिवस झोपायचं. हातात आयतं ताट. ही आयडिया चार वर्षांत सुचली नाही मला."

"दर आठवड्याला बाजूला बस."

"दर आठवड्याला बसले तर आई मला नागपूरच्या डॉक्टरला दाखवतील."

त्या दिवशी ती दुपारी तीन तास झोपली. तोंड उघडं टाकून, घोरत. मला आठवतंय, मी बाहेर बसून नोट्स काढत होते आणि आपण किती हुशारीनं हे जमवलं असं मला वाटत होतं.

दुसऱ्या दिवशी अकराच्या सुमाराला तिनं मला हाक मारली. वन्सं म्हणाली नाही.

"शमे, आत ये."

"शिवाशिव होईल," मी म्हणाले. अजून खेळच चालला होता माझा.

"शमे. खरंच आलंय."

ती भिंतीला टेकून गुडघे पोटाशी घेऊन बसली होती. चटईवर डाग होता, पूजेच्या खणाएवढा.

त्याच वेळी आई दाराशी आली. तिनंही पाहिलं. आणि माझी आई, जी पेढे वाटते, जिला लपवता काही येत नाही, ती मायेनं म्हणाली, "जास्त जातंय होय? गोळ्यांनंतर जातंच तसं. दुखतंय का? थांब, ओव्याचं पाणी देते गरम. होऊ दे सगळं मोकळं, बरं असतं."

मी आईकडे बघत राहिले. वहिनीनं माझं मनगट धरलं. जोरात. आई ओव्याला गेली तेव्हा तिनं एवढंच सांगितलं, "नाही. त्यांना नाही. परत सगळी येतील."

"वहिनी, मॅडमकडे जायला पाहिजे."

"तू रिक्षा आण, हळूच जाऊ."

"हळूच कसं जाणार? बाजूला बसलेली बाई रिक्षात बसून कुठं जाते?"

मीच ते सगळं इतकं पक्कं बांधलं होतं की त्यातून बाहेर पडायला दार ठेवलं नव्हतं. आई तीनदा आली. ओव्याचं पाणी, मग शेकायला गरम पाण्याची पिशवी, मग गूळ-तूप. तिन्ही वेळा तिनं ते उंबऱ्यावरून आत सरकवलं. तिन्ही वेळा मी तोंड उघडलं आणि मिटलं. असा दीड तास गेला. ती पिशवी मी लाथेनं बाजूला केली, एवढंच माझ्या हातून झालं.

मग वहिनीच्या तोंडून एक आवाज निघाला. मी उठून स्वयंपाकघरात गेले.

"आई, ती पाळी नाही."

आई तूप कढवत होती. "मग काय?"

"आठवा आठवडा आहे तिला. त्या गोळ्या ढकलायच्या नव्हत्या, राहावं म्हणून होत्या. मी खोटं बोलले."

आईनं गॅस बंद केला. मला वाटलं ती मारेल. तिनं चिमटा जागच्या जागी टांगला, पदर खोचला आणि मागच्या खोलीत गेली. उंबरा ओलांडून सरळ आत. चटईवर बसून तिनं वहिनीला दोन्ही हातांनी धरलं आणि मला म्हणाली, "रिक्षा बोलाव. उभी राहू नको, पळ."

मुळे मॅडमना मशीन लावायला दोन मिनिटं लागली आणि त्याचा पडदा आमच्याकडून वळवायला एक सेकंद. त्या वळवण्यातच कळलं.

नंतर टेबलापलीकडे मॅडम, अलीकडे आम्ही दोघी, आणि पडद्याआड वहिनी झोपलेली. आईनं विचारलं, "मी तिला बंद कर म्हणाले गोळ्या. सोळा भाज्या करायला लावल्या. त्यानं झालं का हो?"

"नाही मावशी," मॅडम म्हणाल्या. "आणि ती आत्ताच म्हणाली, तिनं बंद केल्या नव्हत्या."

"तीन चुकल्या," मी म्हणाले. "मी वेळेवर आणल्या नाहीत. गप्पा मारत बसले होते."

पडद्याआड वहिनीनं कूस बदलल्याचा आवाज झाला.

मॅडमनी पेन खाली ठेवलं. "ऐक. बहुतेक वेळा बीजच नीट जुळलेलं नसतं. मग बाहेरून किती सांगा, शरीर ऐकत नाही. तीन गोळ्यांनी हे होत नाही."

"नक्की?"

मॅडम जरा थांबल्या. त्या थांबल्या नसत्या तर बरं झालं असतं. "मला तसं वाटतं," त्या म्हणाल्या. "आता या तिसऱ्यानंतर दोघांच्याही तपासण्या करू. ते आधीच करायला हवं होतं."

या गोष्टीला आठ वर्षं झाली. मी आता स्वतः औषधं विकते, आणि कुणी बाई पाळी ढकलायच्या गोळ्या मागायला आली की तिला एवढे प्रश्न विचारते की निम्म्या परत जातात. मालक वैतागतो. पण मॅडमच्या त्या थांबण्याचं काय करायचं, ते मला अजून कळलेलं नाही.

घरी आल्यावर वहिनी मागच्याच खोलीत गेली. तिला तिथंच बरं वाटत होतं. आईनं स्वतःची गादी ओढत आणली आणि तिच्या शेजारी घातली. एकाच ताटात दोघींचं जेवण. बाबांनी काही विचारायच्या आत आई त्यांना म्हणाली, "तुम्ही चार दिवस शेजारच्या खाणावळीतून डबा आणा." बाबांनी आणला. वहिनी माझ्याशी बोलत नव्हती. मी पाणी ठेवून यायचे, ती भिंतीकडे बघायची. आईनं तिला एकदाही 'होईल गं' म्हटलं नाही. ती तिचे केस विंचरायची, तेल लावायची, परत विंचरायची.

तिसऱ्या दिवशी नलूमावशी आली. मी ओसरीतच तिला अडवलं.

"केतकीला काय झालंय? रिक्षातून नेलीत म्हणे. भुतडा सांगत होता."

माझ्या तोंडातून शब्द फुटेना. मला, ज्या मला कधीही काहीही सुचतं. आतून आईचा खणखणीत आवाज आला.

"नले, आत येऊ नकोस! मी बाजूला आहे!"

मावशीनं दाराच्या फटीतून आवाजाकडे पाहिलं. "तू? अक्का, तुझी जाऊन सहा वर्षं झाली की!"

"आली परत. तेच दाखवायला गेले होते. केतकी आली होती सोबतीला."

"परत? अशी कशी येते परत?"

"मला काय विचारतेस? डॉक्टरला विचार. चार दिवस कुणाला पाठवू नकोस इकडं, विटाळ होईल. सगळ्यांना सांग."

मावशी माझ्याकडे वळली. "शमे, खरं काय गं हे?"

"हो मावशी," मी म्हणाले. "लाखात एखादीला होतं."

मावशीनं हातातला डबा ओसरीवर ठेवला. "छप्पन्नाव्या वर्षी," ती स्वतःशीच म्हणाली, आणि ही बातमी घेऊन झपाझप निघून गेली. बेचाळीस घरांना पुढचे सहा महिने तेवढी पुरली. वहिनीचं नाव एकाही घरात निघालं नाही. आई बाजारात गेली की बायका वळून बघायच्या आणि आई ताठ मानेनं वांगी निवडायची.

"गेली का?" आईनं आतून विचारलं.

"गेली."

"मग दार लाव आणि आत ये."

मी दार लावलं आणि मागच्या खोलीच्या उंबऱ्यापाशी जाऊन थांबले. आई कंगव्यातले केस काढत होती. वहिनी गादीवर बसली होती. तिनं माझ्याकडे पाहिलं नाही. थोड्या वेळानं तिनं पाय आखडून घेतले, आणि गादीच्या कडेला एका माणसापुरती जागा झाली.